रुक्ष भूमीतील चिचुंद्री आणि उपनगरातील शेतकरी

मुंबई उपनगर जिल्ह्यात शेती ती केवढी, असा प्रश्न बाहेरच्या माणसास पडणे स्वाभाविक आहे. तथापि गोराई, मनोरी व कुळवेम येथील भातखाचरे आणि भाजीचे वाफे, आरे वसाहतीतील पाड्यांवरचे पावसाळी भात, तेथीलच म्हशींचे गोठे, आणि रेल्वेमार्गांच्या कडेस ठिकठिकाणी पिकणारा पालक, मुळा व लाल माठ हे सर्व ध्यानी घेतले म्हणजे अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तिन्ही तालुक्यांत उंदरांचा उपद्रव हा अद्याप शेतीचाही प्रश्न आहे, हे मान्य करावे लागते. या प्रश्नात एक प्राणी मात्र विनाकारण गोवला जातो. तो म्हणजे चिचुंद्री.

पहिला पाऊस पडून बिळांत पाणी शिरले की गोठ्याच्या भिंतीलगत, न्हाणीच्या मोरीपाशी, पेंढ्याच्या गंजीखाली लांब तोंडाचा एक 'उंदीर' धावताना दिसतो. लोक त्यास काठीने मारतात, नाही तर विष घालतात. यात दोन प्रकारचे नुकसान होते. झुरळे, रातकिडे व अळ्या खाणारा एक भक्षक नाहीसा होतो, हे पहिले. दुसरे अधिक गंभीर आहे. उंदीर मेला अशी घरधन्याची समजूत होते, आणि खरा चोर, म्हणजे बांधातली घूस, खाचराचे पाणी फोडीत व लोंब्या बिळात नेत निर्वेधपणे राहतो. विषाचा पैसा एका प्राण्यावर खर्च होतो आणि पीक दुसराच खातो.

प्रस्तुत लेखात घरच्या चिचुंद्रीबरोबरच तिच्या एका लहानशा, रुक्ष प्रदेशात राहणाऱ्या नातलगाची माहिती दिली आहे. भाताच्या मुलखात वाळवंटी प्राण्याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या जातीचे शास्त्रीय वर्णन ज्या नमुन्यावरून झाले त्याचे स्थळ मुंबई असे नोंदलेले आहे. शिवाय चिचुंद्रीस जगण्यासाठी नेमके काय लागते हे कोरड्या माळरानात जितके स्वच्छ दिसते, तितके आपल्या ओल्या व गजबजलेल्या परिसरात दिसत नाही. ते एकदा समजले म्हणजे ती आपल्या गोठ्यात का येते व तिला कोठे राहू द्यावे, याचा उलगडा आपोआप होतो.

उंदीर नव्हे

चिचुंद्रीस उंदीर समजण्याची चूक फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मूषकांचे जे अठरा प्रकार सांगितले आहेत त्यांत छुच्छुंदराचे नाव आहे. पुढे लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६६ साली घरातील चिचुंद्रीस शास्त्रीय नाव दिले, त्यातही 'म्युरिनस' म्हणजे उंदरासारखी हा शब्द योजला. आज ती 'सुंकस म्युरिनस' या नावाने ओळखली जाते. इतक्या मोठ्या लोकांची जेथे अशी दृष्टी झाली, तेथे शेतकऱ्यास दोष देण्यात अर्थ नाही.

वस्तुतः उंदीर, घूस व खार हे कुरतडणारे प्राणी होत. त्यांचे पुढचे दात पटाशीसारखे असतात व जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्यांना काहीतरी कुरतडीत राहावे लागते. म्हणूनच उंदीर गोणी फाडतो, दार पोखरतो, विजेची तारदेखील सोडीत नाही. चिचुंद्रीचे दात निराळे आहेत. पुढचे दोन दात आकड्यासारखे बाहेर आलेले असून मागच्या दातांना टोके असतात. किड्याचे कठीण कवच फोडण्यासाठी ते बनलेले आहेत, धान्य दळण्यासाठी नव्हेत. तिचे खरे भाऊबंद म्हणजे साळूसारखे काटे अंगावर वागविणारा, पण साळूहून पुष्कळ लहान असा काटेरी जाहक, आणि थंड प्रदेशांत जमिनीखाली राहणारे मोल नावाचे प्राणी.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. चिचुंद्रीचे नाक लांब, निमुळते व सतत हलणारे असते आणि ते खालच्या ओठाच्या बरेच पुढे जाते. डोळे मोहरीएवढे बारीक असतात. दिवसा तिला फारसे दिसत नाही, पण रात्री नाकाने व कानाने ती आपले काम चोख करते. शेपूट बुडाशी जाड असून तीवर तुरळक लांब केस असतात. उंदराच्या शेपटीवर असे सुटे केस दिसत नाहीत. मेलेला प्राणी हाती असेल तर काडीने पुढचा पंजा पसरून पाहावा. चिचुंद्रीस पाच स्पष्ट बोटे असतात, उंदराच्या पुढच्या पंजावर चारच ठळक दिसतात, अंगठ्याचा केवळ खुंट असतो. वासाविषयी सांगावयास नकोच. दोन्ही कुशींवरील ग्रंथींतून येणारा तो उग्र वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. मांजर चिचुंद्री मारते पण बहुधा खात नाही, त्याचे कारणही हाच वास होय. चिचुंद्री बंद बाटलीवरून गेली तरी आतील दारूस वास लागतो, अशी एक समजूत इंग्रजी अमदानीत गोऱ्या साहेबांत होती. काचेतून वास आत जात नाही. बुचे व बाटल्या भरण्यापूर्वीच वासलेल्या असत, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्ण वाढलेल्या घरच्या चिचुंद्रीचे धड दहा ते पंधरा सेंटिमीटर भरते. वजन तीस ग्रॅमपासून मोठ्या नराच्या बाबतीत शंभर ग्रॅमपर्यंत जाते. मादीस सुमारे एक महिन्याच्या गर्भधारणेनंतर साधारणतः दोन ते चार पिले होतात. पिले घरट्याबाहेर पडण्याजोगी झाली की एक मौज पाहावयास मिळते. पहिले पिलू आईच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरते, दुसरे पहिल्यास, तिसरे दुसऱ्यास, आणि अशी आगगाडी भिंतीच्या कडेने चालू लागते. रात्री अंगणातून 'दोरी सरकताना' पाहून साप समजून घाबरलेले लोक आहेत. जवळ जाऊन पाहिले असते तर भीती गेली असती.

मुंबईचे नाव लागलेली लहान चिचुंद्री

आता त्या रुक्ष भूमीतील जातीकडे वळू. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे पहिले क्यूरेटर डॉ. जॉन अँडरसन यांनी १८७७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिला त्यांनी फर्डिनांड स्टोलिचका यांचे नाव दिले. स्टोलिचका हे मोराव्हिया प्रांतातील भूस्तरशास्त्रज्ञ होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीस असताना त्यांनी हिमालय पालथा घातला, आणि यार्कंदच्या सफरीवरून परतताना १८७४ च्या जूनमध्ये लडाखमधील मुर्गो येथे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. खडक व शिंपले यांचा हा अभ्यासक एका चिमुकल्या चिचुंद्रीच्या नावात मागे राहिला आहे. शास्त्रीय भाषेत तिला 'सुंकस स्टोलिच्कानस' म्हणतात, आणि सामान्य व्यवहारात अँडरसनची चिचुंद्री.

ती घरच्या चिचुंद्रीहून पुष्कळ लहान असते. धड सुमारे सात-आठ सेंटिमीटर, शेपूट त्याहून आखूड, अंगाचा रंग फिकट राखी, पाय व शेपूट उजळ. कोरड्या जमिनीच्या रंगाशी मिळता रंग हा रुक्ष प्रदेशातील अनेक प्राण्यांत दिसतो, तसाच हा प्रकार. भारत व पाकिस्तानच्या कोरड्या, झुडपी व वाळवंटी भागांत तिचे वास्तव्य आहे.

नमुन्याचे स्थळ म्हणून मुंबई नोंदले गेले, यावरून अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या परसात ती सहज सापडावी, असे अनुमान मात्र कोणी काढू नये. त्या काळी मुंबई हे जसे शहर होते तसेच ते सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या इलाख्याचे नाव होते, आणि त्या इलाख्याचे प्रमुख बंदरही होते. जुन्या संग्रहांतील चिठ्ठीवर एवढाच शब्द असला म्हणजे तो वाचताना सावधगिरी बाळगावी लागते. उपनगरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असा प्रदेश रुक्ष भूमीतील प्राण्याचे हक्काचे घर नव्हे. पण या चित्राची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत आपल्याकडे पाऊस जवळजवळ पडतच नाही. मार्च महिन्यात मुलुंडच्या डोंगरउतारावर किंवा गोराईच्या माळावर उभे राहिले तर गवत वाळलेले, जमीन भेगाळलेली आणि कातळ तापलेला दिसतो. वर्षातले आठ महिने येथील लहान प्राण्यांपुढेही पाण्याचाच प्रश्न असतो. म्हणून वाळवंटातील चिचुंद्री हा प्रश्न कसा सोडविते, हे पाहणे आपल्याही उपयोगाचे आहे.

पाण्याचा हिशेब

पातेल्यातला चहा बराच वेळ कढत राहतो, तोच बशीत ओतला की क्षणात निवतो. शरीराचेही असेच आहे. प्राणी जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग अधिक, आणि त्यामुळे उष्णता व ओलावा बाहेर जाण्याचा वेगही अधिक. ही गळती भरून काढण्यासाठी चिचुंद्रीस सारखे खात राहावे लागते. या कुळातील प्राणी दररोज आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भक्ष्य खातात, आणि अतिलहान जाती तर वजनाहूनही अधिक. भारतातही आढळणारी 'सुंकस एट्रस्कस' ही चिचुंद्री अवघी दोन ग्रॅम भरते. वजनाच्या दृष्टीने जगातील सर्वांत लहान सस्तन प्राणी तीच. तिचे हृदय एका मिनिटास एक हजारावर ठोके देते. एवढी आग पोटात घेऊन ज्याला जगावयाचे, त्याने वाळवंटात कसे राहावे?

या प्रश्नाचा उत्तम अभ्यास झाला आहे तो अमेरिकेतील वाळवंटी चिचुंद्रीवर. 'नोटिओसोरेक्स क्रॉफर्डाय' असे तिचे नाव. योगायोग असा की तिचेही वर्णन १८७७ सालीच, टेक्सासमधील नमुन्यावरून झाले. वजन तीन ते पाच ग्रॅम. ही चिचुंद्री पाणी पिण्यावाचून राहू शकते. तिला लागणारे पाणी ती भक्ष्यातून घेते. साधा हिशेब करून पाहावा. किड्याच्या शरीरात साधारणतः दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक पाणीच असते. चार ग्रॅमची चिचुंद्री दिवसाकाठी तीन ग्रॅम रातकिडे खाते असे धरले, तर दोन ग्रॅम पाणी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्मे पाणी, तिच्या पोटात आयतेच जाते. झरा नाही, डबके नाही, दव नाही, तरी रातकिडा आहे तोवर तिचे पाणी चालू आहे.

जमेची बाजू अशी भरली तरी खर्च आवरलाच पाहिजे. त्यासाठी ती तीन गोष्टी करते. दिवसा बाहेर पडत नाही. भक्ष्य मिळेनासे झाले की काही तास अंग थंड करून सुप्तावस्थेत पडून राहते, त्यामुळे इंधनाचा व पाण्याचा खर्च एकदम उतरतो. आणि तिसरी गोष्ट, जी शेतकऱ्याने विशेष लक्षात घ्यावी, ती अशी की ती स्वतः खोल बीळ खणण्याच्या भानगडीत पडत नाही. त्या मुलखातील एक जातीचा उंदीर काटक्या, निवडुंगाचे तुकडे व कचरा यांचा मोठा ढीग रचून त्यात राहतो. वाळवंटी चिचुंद्री त्या ढिगात, वाळलेल्या झुडपाच्या बुंध्याशी किंवा पडलेल्या लाकडाखाली आसरा घेते. बाहेर वाळू भाजत असताना ढिगाच्या पोटात सावली असते, थोडी ओल टिकून असते, आणि ओल असते तेथे किडे असतात.

तेव्हा वाळवंटातील चिचुंद्रीचे वसतिस्थान म्हणजे वाळू नव्हे. वाळवंटातली अशी एक फट, जेथे गारवा, ओल आणि किडा या तीन गोष्टी एकत्र येतात, ते तिचे घर. ती फट नाहीशी झाली, झुडूप तोडले, दगडांचा ढीग उचलला, पालापाचोळा पेटविला, तर भोवतालचे वाळवंट जसेच्या तसे राहूनही चिचुंद्री तेथे राहत नाही.

आपल्या उपनगरातील फटी

हीच कसोटी घेऊन आता आपल्या गोठ्याकडे पाहावे. गव्हाणीखालची ओल, शेणाच्या ढिगातील अळ्या, भिंतीच्या पायातील दगडामागची पोकळी. गारवा, ओल व किडा ही तिन्ही येथे हात जोडून उभी आहेत. घाटकोपर किंवा अंधेरी येथील जुन्या चाळींच्या मोऱ्या व गटारे यांत झुरळांची वाण नाही, म्हणून तेथेही चिचुंद्री असते. गोराई-मनोरीच्या वाडीत नारळीच्या आळ्यात झावळ्या कुजत टाकलेल्या असतात, त्यांखाली ती असते. कोळीवाड्यात सुकी मासळी साठविण्याच्या जागेभोवती पडलेल्या तुकड्यांवर येणाऱ्या किड्यांसाठी, आणि खरे बोलावयाचे तर त्या तुकड्यांसाठीही, ती येते.

शेतातील तिची जागा म्हणजे बांध व गडगा. दगडावर दगड रचून केलेल्या गडग्यात मे महिन्यातही आत हात घातला तर गार लागतो. भात कापून खाचर उघडे पडले, गवत वाळले, की शेतातील किडे व गोगलगायी याच आडोशास जमतात आणि त्यांच्यामागे चिचुंद्री. तेथून रात्री निघून ती भाजीच्या वाफ्यात जमिनीवर उतरलेल्या अळ्या, भुंगेरे, रातकिडे व लहान गोगलगायी टिपते. तिच्या येण्याने किडीचा बंदोबस्त पूर्ण होतो असा दावा येथे केलेला नाही. फवारणीची जागा ती घेणार नाही. परंतु जो प्राणी मजुरी मागत नाही, बी उकरीत नाही, धान्यास तोंड लावीत नाही आणि रात्रभर किडे वेचतो, त्यास मारण्यासाठी पदरचे पैसे खर्च करणे हा व्यवहार कोणत्याही वहीखात्यात बसणारा नाही.

अलीकडे गडगे मोडून त्या जागी सिमेंटची सपाट भिंत घालण्याकडे कल वाढला आहे. जागा वाचते हे खरे. पण सपाट भिंतीत फट नसते, आणि घूस तर भिंतीच्या पायाखालूनही वाट काढते. म्हणजे उपयोगी प्राणी गेला आणि उपद्रवी राहिला. शक्य असेल तेथे निदान बांधाच्या एका बाजूस दगडांची रचना व थोडे गवत राहू द्यावे, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे. बांधावरचे गवत दरवर्षी सरसकट जाळण्याची चाल तर सोडलीच पाहिजे.

तिचे दोष

चिचुंद्रीची केवळ स्तुतीच करावी असा या लेखाचा हेतू नाही. ती गांडुळे खाते, आणि गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरल्यास लहान पिलांना चावते, म्हणून खुराड्याची जाळी बारीक असावी. जहाजांतून मॉरिशस व ग्वामसारख्या बेटांवर गेलेल्या चिचुंद्रीने तेथील मूळच्या लहान प्राण्यांस उपद्रव दिला आहे. अर्थात तो दोष तिला नेणाऱ्या माणसाचा अधिक.

आरोग्याच्या दृष्टीने सावधगिरी अवश्य हवी. मुंबईस याची आठवण करून द्यावयास नको. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसू हीच रोगाची वाहक असल्याचे दाखवून दिले. पिसवा बीळ बदलताना जात विचारीत नाहीत. उंदरांच्या सोबतीने राहणाऱ्या चिचुंद्रीच्या अंगावरही त्या असू शकतात. दुसरा रोग लेप्टोस्पायरोसिसचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या महापुरानंतर या रोगाचे रुग्ण मुंबईत मोठ्या संख्येने आढळले. उंदीर व जनावरे यांच्या मूत्रातून हा रोग पसरतो आणि त्याचे जंतू चिचुंद्रीतही आढळलेले आहेत. १९६४ साली तमिळनाडूतील वेल्लोरजवळ थोट्टापलायम येथे एका चिचुंद्रीपासून हंताव्हायरस गटातील एक विषाणू वेगळा करण्यात आला होता. या सर्वांचा अर्थ एवढाच की चिचुंद्री मेलेली असो वा जिवंत, तिला उघड्या हाताने धरू नये. मेलेली आढळल्यास फावड्याने उचलून खोल पुरावी व हात साबणाने धुवावेत. पावसाळ्यात गोठ्यातील साचलेल्या पाण्यात पायास जखम असताना अनवाणी उतरू नये. हा नियम चिचुंद्री असो वा नसो पाळावयाचाच आहे.

घरात ती नको असेल तर विषाची गरज नाही. मोरीच्या तोंडास बारीक जाळी बसवावी, दाराखालची फट बंद करावी, रात्री खरकटे उघडे ठेवू नये व झुरळांचा बंदोबस्त करावा. फट आणि किडा या दोहोंपैकी एक जरी काढून घेतले तरी ती आपण होऊन जाते.

उंदीर मारताना चिचुंद्री कशी वाचवावी

येथे आमिषाचा प्रश्न मुख्य आहे. आपल्या भागात पिंजऱ्यास बोंबील, सुकट किंवा भजी लावण्याची पद्धत आहे. मासळीच्या वासाने पहिली येते ती चिचुंद्री. ती अडकली की दार पडते, आणि घूस पिंजऱ्यास वळसा घालून निघून जाते. यास्तव आमिष खोबरे, भाकरी किंवा भाजलेल्या धान्याचे लावावे. पिंजरा पहाटे पाहावा, कारण चिचुंद्रीस उपास सोसत नाही. उन्हे येईपर्यंत ठेवल्यास ती आतच मरते. जिवंत असल्यास हात न लावता, पिंजरा बांधाशी नेऊन दार उघडावे. चिकट पुठ्ठ्यांचा वापर शेतात व गोठ्यात मुळीच करू नये. त्यांवर चिचुंद्री, पाली व लहान पक्षी हेच अधिक अडकतात.

भातखाचरात झिंक फॉस्फाईडचे आमिष वापरावयाचे असल्यास पुढील क्रम ठेवावा. पहिल्या दिवशी बांधावरील सर्व बिळे चिखलाने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच घुशीची किंवा उंदराची चालू बिळे होत. चिचुंद्री अशी बुजविलेली बिळे उकरून मातीचा ढीग बाहेर टाकीत नाही. ती दगडांच्या फटींतून ये-जा करते. म्हणून विष फक्त उकरलेल्या बिळातच घालावे, गडग्याच्या फटींत किंवा बांधावर उघडे टाकू नये. विष घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडलेले धान्य तेल लावून तेथे ठेवावे, म्हणजे उंदरांचा संशय जातो. त्यानंतर ९६ भाग भरड धान्य, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाईड असे मिश्रण काठीने कालवून, दहा ग्रॅमच्या पुड्या करून बिळात आत सारून तोंड बुजवावे. या मिश्रणात मासळीची पूड घालण्याचा मोह टाळावा. हातमोजे घालूनच काम करावे. हे औषध अत्यंत विषारी आहे, ओलाव्याने त्यातून घातक वायू सुटतो, म्हणून ते घरात, मुलांच्या हाताशी किंवा जनावरांच्या खाद्याजवळ ठेवू नये. मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत.

आरे वसाहत व बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान यांच्या लगतच्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. रक्त गोठू न देणारी जी विषे वड्यांच्या रूपाने बाजारात मिळतात, ती खाऊन दुबळा झालेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा उदमांजराने खाल्ला तर त्यासही बाधा होते. घुबड हा उंदरांचा मोठा वैरी आहे, तो गमावणे परवडणारे नाही. अशा वड्या घराच्या किंवा गोदामाच्या आत, झाकलेल्या पेटीतच ठेवाव्यात. मोहीम एकट्याने न करता पाड्यातील किंवा गावातील सर्वांनी एकाच आठवड्यात, भात निसवण्यापूर्वी करावी, नाही तर शेजारच्या बांधावरची घूस पंधरा दिवसांत रिकाम्या बिळात येऊन राहते.

एक विनंती

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली खानदेशातून आरंभ करून देशभर सस्तन प्राण्यांची जी पाहणी केली, तीत गोळा झालेल्या नमुन्यांमुळे आपल्या लहान प्राण्यांविषयीचे ज्ञान फार वाढले. पण चिचुंद्रीसारखा रात्रिंचर व दुर्लक्षित प्राणी पाहणारे डोळे शेतावरच असतात. मांजराने मारून टाकलेली एखादी फिकट रंगाची, बोटभर लांबीची चिचुंद्री उंबऱ्याशी आढळली तर ती लगेच फेकून न देता काडीने सरळ करावी व शेजारी मोजपट्टी ठेवून तिचे छायाचित्र घ्यावे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी वेगळी, शेपटीची वेगळी व मागच्या पावलाची वेगळी मोजावी. शेपटीचा रंग, स्थळ, तारीख आणि ती गोठ्यात, गडग्यात की माळावर आढळली हे लिहून ठेवून तालुका कृषी कार्यालयात द्यावे. घरच्या चिचुंद्रीचे पिलूदेखील लहानच असते, यामुळे फसगत होऊ शकते. पण पिलू बहुधा एकटे आढळत नाही. आसपास त्याची भावंडे किंवा आई आहे काय, हे त्याच रात्री विजेरी घेऊन भिंतीच्या कडेने पाहून घ्यावे.